बेळगावातून दुबईला निघालाय? आधी आपल्या नावातला एच शोधा

वडगावात आमच्या गल्लीतली तीन पोरं सध्या दुबई-शारजाच्या वाटेवर आहेत आणि तिघांचेही फोन मला आठवड्यातनं दोनदा येतात, प्रश्न तेच, माझी उत्तरं तीच, शेवटी बायको म्हणाली एकदा लिहून द्या की ओ सगळं, घसा तरी वाचेल. म्हणून लिहायला बसलोय. मी बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात सीएनसी मशीनवर सहा वर्षं काढली आणि मग शारजात नऊ वर्षं. वकील नाही, एजंट तर अजिबात नाही, पण खिडकीसमोर फाईल धरून उभं राहायचा अनुभव लई आहे. आणि हे सगळं फक्त यूएईचं आहे. सौदी, कतार, ओमानचे नियम वेगळे, ते ह्याच्यात कालवू नका.

तिकडच्या ऑफिसात तुम्हाला कोण ओळखत नाही, तिथं बोलतात ती तुमची कागदं. आणि आपल्या सीमाभागातल्या माणसाची कागदं कशी असतात बघा: घरात मराठी, उतारा कन्नड, आधारवर इंग्रजी, दहावी बेंगळूरच्या बोर्डाची आणि डिग्री कोल्हापूरची. पुण्याच्या पोराला जे काम एका फेरीत होतं त्याला आपल्याला तीन फेऱ्या. पण ह्यातलं निम्म्याच्या वर काम इथंच, बेळगावात बसून, निघायच्या आधी उरकता येतं. तिकडं गेल्यावर तेच काम दहापट महाग पडतंय, शिवाय रजा मिळत नाही.

नावातला एच

कर्नाटकातल्या शाळेत इंग्रजीत नाव लिहिताना त ला टी-एच लावतात, नुसता टी म्हणजे ट. म्हणून आपला संतोष दहावीच्या मार्क्स कार्डावर एच घेऊन येतो, सुनीता, सविता, कविता सगळ्या एचवाल्या. मग आधार काढताना कॉम्प्युटरवर मराठी पोरगं बसलेलं असलं की तो एच गळतो. पॅनकार्डवर कुणी काय केलंय देवाला माहीत. दत्तात्रय असेल तर शेवटी एक ए जास्तीचा येतो किंवा मधल्या ए चा ई होतो. आणि आडनावाची तऱ्हा आणखी वेगळी, कुठं आडनाव पुढं, कुठं मागं, कुठं बापाच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर.

माझं असंच झालं. मार्क्स कार्डावर एच, आधारवर नाही, पासपोर्ट केला आधार बघून म्हणून त्याच्यावर पण नाही, आणि डिप्लोम्यावर परत एच. इथं असेपर्यंत कुणी विचारलं नाही, बँकेनं नाही, कारखान्यानं नाही. डिप्लोमा अटेस्टेशनला, म्हणजे खरा असल्याचे सरकारी शिक्के मारून घ्यायला, पाठवला तेव्हा परत आला, की पासपोर्टवरचा माणूस आणि हा माणूस एकच कशावरून. एका अक्षरापायी सात आठवडे गेले, तोवर कंपनीनं माझ्या जागी दुसरा घेतला आणि मला पुढची ऑफर मिळायला पाच महिने लागले.

तर पहिलं काम हे करा. एक कोरा कागद घ्या, त्यावर दहावीचं मार्क्स कार्ड, जन्मदाखला, आधार, पॅन, पासपोर्ट, डिग्री किंवा डिप्लोमा, आणि लग्न झालं असेल तर लग्नाचा दाखला, ह्या सगळ्यांवरचं नाव जसंच्या तसं, एकाखाली एक, इंग्रजी अक्षरांत उतरवा. आईवडलांचं नाव पण. जन्मतारीख पण, कारण आपल्यात शाळेत घालताना मास्तरांनी एक जून टाकलेली माणसं काय कमी नाहीत. फरक आपोआप दिसतात.

मग बदलायचं कुठलं? माझं मत, दहावीचं मार्क्स कार्ड धरून बाकीचं त्याच्यामागं न्या. कारण ते बदलायचं म्हणजे शाळेच्या हेडमास्तरांमार्फत बेंगळूरच्या बोर्डाकडं अर्ज, आणि ती फाईल कधी हलेल ह्याचा भरवसा नाही. आधार त्या मानानं सोपं, पण एक ध्यानात ठेवा, आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे 'आधी असं करून बघू' म्हणून एक वेळ वाया घालवू नका. पासपोर्टमध्ये किरकोळ स्पेलिंग री-इश्यूमध्ये सुधारतात, मोठा बदल असेल तर प्रतिज्ञापत्र आणि दोन पेपरात जाहिरात लागते. आणि जे अजिबात जुळवता येत नाही त्याच्यासाठी 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून ठेवा. त्यानं सगळीकडं भागेल असं नाही, पण नसण्यापेक्षा बरं.

पासपोर्टचा फॉर्म भरताना आडनावाचा रकाना मोकळा सोडू नका. कर्नाटकात अशी सवय आहे, सगळं नाव वरच्या एकाच रकान्यात. यूएईनं नोव्हेंबर २०२२ मध्ये नियम काढला, की पासपोर्टवर एकाच शब्दाचं नाव असेल तर व्हिजिट किंवा टुरिस्ट व्हिसावर प्रवेश नाही. तुम्ही नोकरीच्या व्हिसावर जाल हो, पण उद्या आईला फिरायला बोलवायची म्हटलं की तिच्या पासपोर्टवर नुसतं 'शांताबाई' असतंय.

गावाच्या नावाचं पण थोडं. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं, म्हणजे त्याच्या आधीच्या कागदांवर एक स्पेलिंग आणि नंतरच्यांवर दुसरं. आपण काय म्हणायचं ते आपण म्हणतोच, तो विषय वेगळा, पण परदेशी क्लार्कला ही दोन वेगळी गावं वाटतात. नावबदलाच्या सरकारी अधिसूचनेची एक प्रत फाईलला लावून ठेवा. मला ती दोनदा दाखवावी लागली.

पासपोर्ट आणि ईसीआरचा शिक्का

पासपोर्टसाठी आता बेंगळूरला जायचं कारण नाही, बेळगावात हेड पोस्टात केंद्र आहे, तिथं तारीख मिळत नसेल तर हुबळीला जा. दोन्ही शेवटी बेंगळूरच्याच पासपोर्ट ऑफिसखाली येतात. साधी फी १५०० रुपये, तत्काळला वर २०००. पोलीस व्हेरिफिकेशनला घरी राहा, फोन उचला, एवढंच. त्याच्यात लिहिण्यासारखं काही नाही.

खरा मुद्दा ईसीआर. दहावी पास नसेल तर पासपोर्टवर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असं छापून येतं, आणि मग आखातातल्या देशांसकट एकूण १८ देशांत नोकरीला जायचं असेल तर १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणं सरकारची मंजुरी काढावी लागते. ती ई-मायग्रेट पोर्टलवर निघते. पुष्कळ पोरं दहावी पास असून त्यांच्या पासपोर्टवर ईसीआर आहे, का तर अर्ज भरणाऱ्यानं शिक्षणाचा दाखला जोडलाच नाही. तुमचं तसं असेल तर मार्क्स कार्ड लावून री-इश्यू करून घ्या, पुढचा सगळा व्याप वाचतो.

ज्यांना खरंच ईसीआर आहे त्यांनी त्याला शिवी समजू नका. ती मंजुरी काढताना कंपनीचा करार, पगार, सगळं सरकारच्या नोंदीत येतं, आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा काढावा लागतो, दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण. बेळगावात एका थाळीला जेवढे जातात त्याच्या आसपास पैसे. उद्या काही झालं तर ह्याच कागदावर घरचे उभे राहतात.

एजंट

आपल्याकडं एजंट कसा भेटतो? निपाणीत कुणाच्या तरी मेव्हण्याच्या ओळखीनं, संकेश्वरात चहाच्या गाड्यावर, नाहीतर खानापूरच्या स्टँडवर. मोबाईलवर व्हिसाचा फोटो दाखवतो, म्हणतो दोन दिवसांत पन्नास हजार द्या, जागा दोनच आहेत. जागा नेहमी दोनच असतात.

त्याला सरळ विचारा, तुझा रजिस्ट्रेशन नंबर काय? ई-मायग्रेटवर नोंदणी असलेल्या एजंटांची यादी सगळ्यांना बघायला उघडी आहे. नंबर नाही म्हणाला, किंवा 'मी बेंगळूरच्या साहेबांचा माणूस' म्हणाला, तर उठा तिथनं. त्या कायद्यात सब-एजंट हा प्रकारच नाही. आणि नोंदणी असलेल्या एजंटालाही उमेदवाराकडनं जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. दीड लाख, दोन लाख हे जे आकडे आपण ऐकतो ते कुठल्याच नियमात बसत नाहीत. उलट यूएईच्या २०२१ च्या कामगार कायद्याप्रमाणं भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकानं करायचा असतो, कामगाराकडनं तो वसूल करता येत नाही.

आता तो व्हिजिट व्हिसाचा मंत्र. 'आधी व्हिजिटवर जा, तिकडं कन्व्हर्ट करून देतो.' मर्दांनो, व्हिजिट व्हिसावर काम करणं तिकडं गुन्हा आहे, आणि ईसीआर पासपोर्टवाल्याला गोव्याच्या विमानतळावरच अडवून परत पाठवू शकतात. होतं काय, की पोरगा जातो, कन्व्हर्ट होत नाही, मुदत संपते, आणि मग रोजचा ५० दिरहाम दंड चढायला लागतो. महिन्याला १५०० दिरहाम होतात ते, कित्येक हेल्परचा पगार तेवढा नसतो. मला माहीत असलेली दोन पोरं अशी अडकली होती, एकाच्या आईनं कानातलं विकून दंड भरला. नाव सांगत नाही, गल्लीतच राहतो तो.

व्हिसा खरा का खोटा हे घरबसल्या बघता येतं. दुबईचा व्हिसा असेल तर जीडीआरएफएच्या, म्हणजे दुबईच्या इमिग्रेशन खात्याच्या, साईटवर, बाकी सहा अमिरातींचा, म्हणजे शारजा, अजमान, अबू धाबी वगैरे, आयसीपीच्या, म्हणजे तिकडच्या केंद्रीय खात्याच्या, साईटवर. ह्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत, शारजाचा व्हिसा दुबईच्या साईटवर शोधला तर सापडणारच नाही आणि तुम्ही उगाच घाबराल. मी घाबरलो होतो.

ऑफर लेटर वाचायचं कसं

कामगार मंत्रालयाचं, ज्याला तिकडं मोहरे म्हणतात, त्यांचं छापील नमुन्यातलं ऑफर लेटर येतं. त्यावर नंबर असतो. तुम्ही सही केलेलं लेटर आणि तिकडं गेल्यावर समोर ठेवलेला करार ह्यात पगार, हुद्दा, कामाचे तास जुळले पाहिजेत, कमी करून सही घ्यायला बघतात. इंग्रजी-अरबीसोबत ते हिंदीत मिळतं, मागून घ्या. मराठीत नाही. कन्नडमध्ये पण नाही, त्यामुळे तिथं तरी आपला वाद नाही.

दोन आकडे वेगळे बघा, बेसिक आणि एकूण. एजंट एकूण सांगतो, पण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मोजतात बेसिकवर. दोन हजार पगारात बेसिक आठशे आणि बाकी भत्ते असं लिहिलेलं असेल तर पाच वर्षांनी हातात काय येणार हे सही करायच्या आधीच कळतं. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. तेवढ्यात तिथल्याच दुसऱ्या कंपनीत जायचं असेल तर महिनाभर आधी, आणि देश सोडायचा असेल तर १४ दिवस आधी लेखी कळवावं लागतं.

डिग्रीचा शिक्का: कोल्हापूरची कोल्हापूरकडं

हे नीट वाचा, कारण बाहेरच्या कुठल्याच माहितीत हे आपल्यासाठी म्हणून लिहिलेलं नसतं. अपोस्टिल म्हणजे एकाच शिक्क्यावर कागद परदेशात चालवून घ्यायचा करार, त्यात यूएई नाही. त्यामुळे नुसतं अपोस्टिल केलेली डिग्री चालत नाही, साखळी पूर्ण करावी लागते: आधी राज्याचा शिक्का, ज्याला सगळे एचआरडी म्हणतात, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग भारतातल्या यूएई वकिलातीचा, आणि शेवटी तिकडं पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा.

पहिला शिक्का कुठल्या राज्याचा? डिग्री ज्या राज्यातनं आली त्याचा, तुम्ही कुठं राहता त्याला किंमत नाही. तुम्ही शहापुरात जन्मला, वाढला, पण बी.कॉम. शिवाजी विद्यापीठाचं असेल तर ते महाराष्ट्राकडनं, मुंबईतनं. इंजिनिअरिंग व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं, असेल, ज्याचं मुख्यालय आपल्या मच्छ्यालाच आहे, तर ते कर्नाटकाकडनं, बेंगळुरातनं. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० ला झालं, त्याच्या आधी बेळगावची कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली होती, तेही कर्नाटकच. आणि ज्यांचं दहावी-बारावी इकडं आणि डिग्री गडहिंग्लजला-कोल्हापूरला झाली त्यांना कंपनीनं दोन्ही मागितली तर दोन राज्यांत दोन फायली. आमच्या ओळखीचा एक नर्सिंगवाला सगळी कागदं एकत्र बांधून बेंगळूरला देऊन आला होता, महिन्यानं अर्धी परत.

म्हणून आधी कंपनीच्या एचआरला मेल करून लेखी विचारा, की नक्की कुठलं सर्टिफिकेट लागणार. बहुतेक वेळा सगळ्यात वरचं एकच लागतं. परराष्ट्र मंत्रालय लोकांकडनं थेट कागद घेत नाही, त्यांनी नेमलेल्या एजन्स्यांमार्फत जातं, त्यामुळे तिथं एजन्सीला पैसे देणं गैर नाही, पण पावती आणि कुरिअरचा नंबर घ्या. मूळ डिग्री देण्याआधी दोन्ही बाजूंचा स्कॅन काढा.

लग्नाचा दाखला आत्ता लागत नसला तरी आत्ताच करून घ्या. देवळात लग्न झालं, हॉलचा फोटो आहे, पत्रिका आहे, ह्याच्यावर तिकडं कुणी बायकोला व्हिसा देत नाही. सबरजिस्ट्रारकडं नोंद करून घ्या, आणि दाखल्यावरचं दोघांचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या. लग्नानंतर बायकोचं नाव बदलायची आपल्याकडं पद्धत आहे, दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरं असेल तर आधी ते मिटवा.

गेल्यावर पहिले दोन महिने

एक्स-रे इथंच काढून बघा. तिकडं राहण्याचा व्हिसा लागायच्या आधी रक्त आणि छातीचा एक्स-रे होतो, एचआयव्ही आणि टीबी बघतात. फाउंड्रीत काम केलेल्या पोरांनी तर नक्कीच, वाळूच्या धुरळ्यानं छातीत डाग असायची शक्यता असते, ते इथल्या डॉक्टरला दाखवून काय ते लिहून घ्या. पूर्वी टीबी होऊन बरा झाला असेल तर उपचाराची कागदं बरोबर ठेवा, लपवू नका.

मेडिकल झालं की बोटांचे ठसे, मग एमिरेट्स आयडी. पोरं त्याला बताका म्हणतात. १५ आकडी नंबर असतो, ७८४ नं सुरू होतो. २०२२ पासून पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकर लावणं बंद झालंय, हा बताकाच तुमचा राहण्याचा पुरावा, त्यामुळे पासपोर्ट उघडून 'व्हिसा कुठाय' म्हणून रडू नका. मुदत संपून ३० दिवस झाले की रोज २० दिरहाम दंड, जास्तीत जास्त १००० पर्यंत.

हे सगळं कंपनीचा पीआरओ करतो, त्याला मंदूब म्हणतात. चांगला मंदूब मिळाला तर नशीब. नसेल तर टायपिंग सेंटर. हे टायपिंग सेंटर म्हणजे काय ते आपल्याला समजवायला नको, डीसी ऑफिससमोर, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीसमोर, टेबल टाकून कन्नडमधनं अर्ज लिहून देणारा असतो ना, तेच, फक्त इथं एसी आहे आणि अर्ज अरबीत. आपण काय लिहिलंय ते न कळता सही करायची सवय आपल्याला नाडकचेरीनं, म्हणजे इकडच्या महसूल कचेरीनं, लावलीच आहे. ती इथं मोडा. तो टाईप करून झाला की स्क्रीन तुमच्याकडं वळवायला सांगा, इंग्रजी ओळीतलं नाव, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख बोट ठेवून वाचा, मगच पैसे. मी पहिल्या वेळी वाचलं नाही, जन्मसाल चुकलं, दुरुस्तीला परत फी. दुबईत राहण्याच्या व्हिसाच्या कामाला आमेर सेंटर, कामगार खात्याच्या कामाला तसहील, हे दोन वेगळे, चुकीच्या रांगेत सकाळ घालवू नका.

पासपोर्ट कंपनी ठेवून घेते का? घेतात बरेच. कायद्यानं त्यांना तो ठेवून घेता येत नाही. पहिल्याच दिवशी भांडण करा असं मी म्हणणार नाही, माझी हिंमत पण झाली नव्हती, पण देताना 'अमुक कामासाठी दिला' असा मेल किंवा मेसेज करा आणि काम झालं की मागा.

आणि एक जे कुणीच सांगत नाही: आयएलओई, म्हणजे नोकरी गेली तर मिळणारा विमा. १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचा. बेसिक १६,००० दिरहामपर्यंत असेल तर महिन्याला ५ दिरहाम, आणि हे कंपनीनं नाही तर तुम्ही स्वतः भरायचं. न काढल्यास ४०० दिरहाम दंड, आणि दंड थकला की नवं वर्क परमिट अडतं. सलग १२ महिने भरलेलं असेल आणि नोकरी गेली, स्वतः सोडली नाही, तर तीन महिन्यांपर्यंत बेसिकच्या ६० टक्के मिळतात. पाच दिरहाम म्हणजे तिकडं दोन-तीन कडक चहा.

बायकापोरं

पगार ४००० दिरहाम असेल, किंवा ३००० आणि वर कंपनीची राहायची सोय, तर कुटुंब आणता येतं. भाड्याचा नोंदवलेला करार लागतो, दुबईत त्याला एजारी म्हणतात. लग्नाचा दाखला वरची सगळी साखळी पार करून आलेला, आणि त्याचं अरबी भाषांतर तिकडच्या न्याय मंत्रालयाचं लायसन्स असलेल्या भाषांतरकाराकडनं. बेळगावात करून नेलेलं अरबी भाषांतर चालत नाही, पैसे घालवू नका. जुना दाखला नुसता कन्नडमध्ये असेल तर इथंच इंग्रजी प्रत काढून घ्या, तिकडं कन्नड-अरबी करणारा शोधत बसाल. बाळ तिकडं झालं तर १२० दिवसांत त्याचा व्हिसा व्हायला हवा, आणि त्याच्या आधी पासपोर्ट, म्हणजे दवाखान्यातनं घरी आल्याच्या आठवड्यातच कॉन्सुलेटचं काम सुरू करा. बारसं नंतर करा. पण नाव आधी ठरवा, आणि स्पेलिंगही.

बॅग भरताना आईला सांगा, खसखस नको. तिकडं ती अमली पदार्थांत मोडते. दिवाळीला अनारसे आले पार्सलमधनं तर वर काय थापलंय ते बघून घ्या, चेष्टा नाही. गुटखा पण नाही. खोकल्याची कोडीनवाली आणि दुखण्याची ट्रामाडोलवाली औषधं परवानगीशिवाय नेऊ नका.

पगार अडला किंवा परत यायचं झालं तर

पगार बँकेतनं यायला पाहिजे, रोख घेऊन वहीवर सही करू नका, कारण मोहरेकडं तक्रार केली तर ते बँकेचीच नोंद बघतात. तक्रार ॲपवरनं करता येते. कामावर जायचं मात्र बंद करू नका, सलग सात दिवस न सांगता गैरहजर राहिलात तर मालक तुम्ही पळाला असं नोंदवू शकतो, आणि मग पगार बाजूला राहतो, तुमचंच नाव खराब. दुबईच्या कॉन्सुलेटची आणि अबू धाबीच्या वकिलातीची मदत मिळते, परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर घरच्यांनाही इथनं तक्रार टाकता येते. वडलांना हे निघायच्या आधीच दाखवून ठेवा, लॉगिन करून द्या. मंत्र्याच्या ओळखीचा माणूस शोधण्यापेक्षा तो तक्रार नंबर जास्त कामाचा.

सोडताना कॅन्सलेशनच्या कागदावर 'माझं सगळं येणं मिळालं' अशी ओळ असते. पैसे खात्यात दिसल्याशिवाय त्याच्यावर सही नाही. देणं करार संपल्यापासून १४ दिवसांत द्यायचं असा नियम आहे, ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी २१ दिवसांचं बेसिक आणि त्याच्यापुढं दरवर्षी ३०. मुदीर, म्हणजे मॅनेजर, गोड बोलतो, 'सही कर, उद्या ट्रान्सफर करतो', आणि तुमचं विमान रात्रीचं असतं. मी तिकीटच आठ दिवस पुढचं काढलं होतं, त्याला सांगितलं नाही.

कॅन्सल झाल्यावर साध्या व्हिसाला साधारण ६० दिवस राहता येतं, पण वर्गाप्रमाणं ते ३० पासून १८० पर्यंत बदलतं, तुमच्या कागदावर किंवा साईटवर तारीख दिसते ती धरा, रूमवर कोण काय म्हणतो ते सोडा. आणि 'काही महिने गावाकडं जाऊन येतो, व्हिसा तसाच राहू दे' म्हणणाऱ्यांसाठी, सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर राहण्याचा व्हिसा आपोआप रद्द धरतात. गणपतीला आलात आणि शिमग्यापर्यंत थांबलात तर दिवस मोजा, भरलेले असतात.